चौदा ग्रॅमचा कागद

एकतीस वर्षं वार्काउसच्या कारखान्यात
मी कागद बोटांनी जोखला.
यंत्रावर आकडा उमटायच्या आधी सांगायचो,
हा ऐंशी ग्रॅमचा, हा साठ,
हा सिगारेटीचा, चौदा,
याच्याजवळ श्वाससुद्धा जपून घ्या.

म्हणून मला कुणी सांगायला नको होतं.
नोव्हेंबरातली सकाळ, न्हाणीघराचा पिवळा दिवा,
बोट टेकवलं आणि कळलं:
चौदा.
पांढरट, चुरगळलेला, कडेला एक बारीक चीर.

आधी नुसती खाज होती, रात्री दोनला उठवणारी.
मग लघवीला मीठ चोळल्यासारखं.
मग कातडी मागे सरकेना,
दमट हवेत फुगून बसलेल्या खणासारखी.
इर्याला म्हणालो, पाठ धरलीय.
पाठीची सबब तीन वर्षं पुरली.

शनिवारच्या सौनाला वेगळी सबब लागली.
तळ्याकाठी एन्सिओची लाकडी खोली,
आम्ही चौघे, एकाच फळीवर उघडे बसून म्हातारे झालेलो.
कालेर्वोचं पोट मला इंचाइंचानं ठाऊक.
मी म्हणालो, रक्तदाब.
डॉक्टरनं उष्णता बंद केलीय.
तोवर मी डॉक्टरकडे गेलोच नव्हतो.

त्या अवयवाला आमच्या गावात डझनभर नावं,
सगळी विनोदातली.
तो दुखला तर काय म्हणायचं,
ते कुणी शिकवलं नाही.

मनात हिशेब मात्र चालूच.
शहाऐंशी साल, कोत्का बंदर, ती एक रात्र.
साबण कमी पडला? की जास्त झाला?
माणूस स्वतःच्या पापांची यादी करायला बसला
की कागदाचा तुटवडा नसतो.

डॉक्टर ह्युवॅरिनेन माझ्या धाकटीच्या वयाची.
हातमोजे घातले, दिवा ओढला,
गळका नळ पाहावा तितक्या साधेपणानं पाहिलं.
किती दिवस?
तीन वर्षं.
ती रागावली नाही. तेच जड गेलं.
म्हणाली, नाव आहे याला. पांढरं दगडफूल.

मला वाटलं, थट्टा करतेय.
दगडफूल मी ओळखतो. उत्तरेत रेनडिअर खातात ते,
आमच्या धक्क्याजवळच्या खडकावरही आहे,
वर्षाला नखाएवढं वाढत नाही
आणि खडक सोडत नाही.
तसंच, ती म्हणाली. बहुधा सोडणार नाही, पण आवरता येतं.
कुणाकडून आलेलं नाही. कुणाला जाणार नाही.

कोत्का बंदरातली ती रात्र
इतक्या वर्षांनी निर्दोष सुटली.

मलम, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं.
साबण बंद.
आणि दरवर्षी दाखवायचं,
कारण क्वचित त्यातून वाईट काही उगवतं.
हे ती माझ्या डोळ्यांत बघून बोलली.

इर्याला सांगितलं ती बटाटे सोलत असताना,
तिच्या पाठीला.
सुरी थांबली नाही.
मग म्हणाली,
"मला वाटलं, मीच."
एवढंच. तीन वर्षं एवढंच धरून बसली होती.
बटाट्याची साल
न तुटता लांब लांब खाली उतरत होती.

मार्चमध्ये गेलो. तळं अजून दगडासारखं.
फळीवर माझी जागा तशीच,
मध्ये कुणी सरकून बसलं नव्हतं.
टॉवेल मी कमरेलाच ठेवला.
एन्सिओनं तापल्या दगडांवर पाणी ओतलं,
वाफ आली, सगळ्यांनी माना खाली घातल्या.

बऱ्याच वेळानं अंधारातून कालेर्वो:
"निळ्या टोपणाची ट्यूब का?"
"हिरव्या."
"हं. निळी चुरचुरते."

मग तो बोलत सुटला पाइक माशाबद्दल,
बर्फाच्या भोकातून अर्धा वर आलेला,
हा एवढा, आणि गेला.
मी टॉवेल सोडून बाजूला ठेवला.
फळी गरम होती.
थोडं झोंबलं.